फ्लोट कोरडा आहे का

वस्तादांच्या मुलीने चारही स्पार्क प्लग काढून फडक्यावर मांडले. चारही काजळीने माखलेले. बोट लावलं की बोट काळं.

"वस्ताद, तिसऱ्यांदा आलोय," मास्तर म्हणाले. गाडी त्यांची, जवळपास त्यांच्याच वयाची. "पेट्रोल नुसतं ढोसतेय. वासाने शेजारी नाकं मुरडतात. तुम्हाला दोन्ही वेळा काहीच कसं जाणवलं नाही?"

वस्ताद पाना पुसू लागले. सायलेन्सरशी वाकून नुसतं हुंगून ते गाडीचं दुखणं सांगायचे, म्हणून तर लोक लांबून गाड्या आणायचे. ही गाडी मात्र प्लग पुसून, ठणठणीत आहे म्हणून त्यांनी दोनदा परत पाठवली होती.

"चूक माझी, मास्तर," मुलगी म्हणाली. "दोन्ही खेपेला मीच बघितली."

हे धादांत खोटं होतं. वस्ताद स्वच्छ पाना पुन्हा पुसत बसले.

मास्तर चहाला गेले. तिने कार्बोरेटर उघडला, आतला, पेट्रोलवर तरंगणारा पोकळ पितळी फ्लोट कानाशी हलवला. पेट्रोल खुळखुळलं.

"छिद्र पडलंय. जड झालाय, तरंगतच नाही. मग पेट्रोलला अडवणार कोण?"

तिने छिद्र जरा मोठं करून पेट्रोल निथळवलं. आता बत्तीच्या ज्योतीवर डाख देऊन ते बुजवायचं. पण आत वाफ उरली असेल आणि बत्ती लागली, तर हात गेलाच. म्हणून आधी वस्ताद हुंगणार, 'कोरडा' म्हणणार, मगच बत्ती पेटणार. तीस वर्षांचा नियम.

त्यांनी फ्लोट नाकाशी नेला.

"कोरडा." हात बत्तीकडे गेला.

"बाबा, काल दूध मी मुद्दाम करपवलं होतं."

हात थांबला.

"आईने एक घोट घेऊन ओतून दिलं. तुम्ही घटाघट प्यायलात, वर आणखी मागितलंत!"

वस्ताद स्टुलावर बसले. बराच वेळ पितळ अंगठ्याने चोळत राहिले.

"मागे ताप आला, त्यात वास येईनासा झाला. येईल म्हटलं आज-उद्या. चार महिने झाले."

"मग सांगायचं नाही का? जीव गेला असता!"

"कुणाला सांगू? वास न येणाऱ्या वस्तादाकडे कोण गाडी आणील, बाई?"

तिला रडू येत होतं आणि रागही येत होता. तिने उगाचच प्लग पुन्हा ओळीने लावले.

"झाली का?" मास्तर दारातून म्हणाले.

वस्ताद उठले. फ्लोट त्यांनी मास्तरांदेखत मुलीच्या नाकाशी धरला.

"तू सांग."

तिने आधी बापाकडे बघितलं. मग हुंगलं.

"अजून आहे."

वस्तादांनी बत्ती फळीवर ठेवून दिली.

"थांबावं लागेल, मास्तर," ते म्हणाले. "आणि मागच्या दोन्ही वेळा गाडी हिने नाही, मी बघितली होती."