जोहोरा सुईण पलीकडे जाते

"भाला बाजूला घे, लोपे. भाल्यानं कळा थांबत नाहीत."

जोहोरा सुईण गुडघाभर पाण्यात उभी होती. एक हात होडीच्या कडेवर, दुसरा कमरेवर, काखेत वेताची टोपली. होडीत तिचा धाकटा दीर गफूर मांडीवर वल्हं घेऊन बसला होता आणि आपला या भानगडीशी काही संबंध नाही अशा चेहऱ्यानं डोंगराकडे बघत होता. किनाऱ्यावर पहारा करणारा स्पॅनिश शिपाई लोपे भाला आडवा धरून त्यांच्या वाटेत उभा राहिला होता. त्याच्या बुटांत पाणी शिरलं होतं.

"पलीकडं जायला बंदी आहे, मावशी. कप्तानाचा हुकूम."

"कप्तान काय हुकमानं जन्माला आला होता? त्यालाही कुठल्यातरी सुईणीनंच ओढून काढलं असेल ना?"

पलीकडे म्हणजे तेर्नाते. तिदोरे आणि तेर्नाते या दोन बेटांमध्ये समुद्राची एवढीशी पट्टी. हवा स्वच्छ असली की तिकडच्या चुलींचा धूर मोजता यावा. दोन्हीकडे लवंगेची झाडं, आणि त्या लवंगेपायी जगाच्या दुसऱ्या टोकाचे गोरे इथवर आलेले. पोर्तुगीज आधी आले आणि तेर्नातेत गढी बांधून बसले, म्हणून मागून आलेल्या स्पॅनिशांनी तिदोरेत बस्तान मांडलं. दोन्ही बेटांच्या सुलतानांचं आपसात कधी पटलं नव्हतंच. आता एकेकाच्या पाठीशी तोफा आल्या. दोन वर्षांपासून इकडची होडी तिकडे जायची नाही आणि तिकडची इकडे यायची नाही, असं चाललं होतं.

जोहोराची एकुलती लेक रुगाया त्याआधीच लग्न होऊन तेर्नातेत गेली होती. दोन वर्षांत मायलेकींची गाठ नव्हती. लेकीला दिवस गेले, सातवा लागला, नववा लागला, हे सगळं जोहोराला कोळ्यांकडून कळत होतं. बंदी असो नसो, मासे दोन्ही बेटांच्या मधेच सापडायचे, त्यामुळे कोळी रोज समुद्रात भेटायचे आणि जाळी ओढता ओढता घरोघरच्या बातम्या एकमेकांना ओरडून सांगायचे. आज उजाडता उजाडता निरोप आला तो असा: रुगाया कालपासून अडली आहे. एक पाय बाहेर दिसतोय. तिकडची म्हातारी सुईण हात लावायला तयार नाही.

"हे बघ मावशी," लोपे समजुतीच्या सुरात म्हणाला. तिदोरेची भाषा तो आता बरी बोलायचा. "आमच्या राजानं आणि त्यांच्या राजानं पृथ्वी वाटून घेतलीय. नारळ फोडतात तशी, दोन भकलं. मध्ये रेघ आहे. ही सगळी बेटं आमच्या भकलात येतात. ते पोर्तुगीज तिथं बेकायदा बसलेत. तिकडं जाणं म्हणजे शत्रूकडं जाणं."

"रेघ कुठनं जाते?"

लोपेनं समुद्राकडे बघितलं. मग डोक्यावरची टोपी काढून परत घातली.

"ते अजून नक्की ठरलेलं नाही. तिकडं विद्वान लोक भांडतायत."

"भांडू देत. त्यांचं ठरेपर्यंत मी जाऊन येते."

गफूरला हसू आवरलं नाही. लोपेही हसला असता, पण पहाऱ्यावर हसायची पद्धत नव्हती. वर्षभरापूर्वी तो जहाजातून उतरला तेव्हा त्याच्या हिरड्या सुजून दात हलत होते, आणि याच बाईनं त्याला लिंबं चोखायला लावून, वर साबूच्या झाडाच्या पिठाची पातळ पेज पाजून उभा केला होता. त्यानं भाला खाली घेतला. पाठ फिरवली आणि डोंगराकडे बघत मोठ्यानं म्हणाला, "काय धुकं पडलंय आज! समोरचं काही दिसत नाही."

लख्ख ऊन पडलं होतं. जोहोरा होडीत चढली.

"वहिनी," वल्हं मारत गफूर म्हणाला, "इकडचा सुटला. तिकडचे बंदूक घेऊन बसतात म्हणे."

"तुम्ही वल्हवा."

"वल्हवतोच आहे. मी आपलं सांगितलं. सकाळपासून पोटात काही नाही, त्यात गोळी गेली तर जड व्हायला नको, एवढंच."

एरवी जोहोरानं त्याला दोन शब्द सुनावले असते. आज ती टोपलीवर हात ठेवून बसून होती. बेचाळीस वर्षं ती बाळंतपणं करत होती. आधी आईच्या मागे टोपली धरून, मग स्वतः. तिदोरेत ती रस्त्यानं निघाली की निम्म्या लोकांना तिनं पहिल्यांदा उलटं धरलेलं असायचं. पूर्वी तेर्नातेतूनही बोलावणं यायचं. पायाळू पोरं तिनं कितीतरी सोडवली होती. त्यातली तीन तिच्या हातात गेली होती. ती तीन आज तिला एकेक करून आठवत होती.

मध्यावर आल्या आल्या तेर्नातेच्या बाजूनं एक लांबलचक नाव सरळ अंगावर आली. दोन्ही बाजूंना मिळून वीस वल्हेकरी, सगळे तेर्नातेचे, आणि मधोमध एकटा पोर्तुगीज. त्या उन्हात डोक्यावर लोखंडी टोप, तांबडी दाढी, मांडीवर बंदूक. त्याचं नाव बाश्तियांव. नाकाची कातडी सोलवटून निघाली होती.

"थांब! कोण तू? कुठून?"

"तिदोरेहून. सुईण आहे मी. माझी लेक अडलीय, तिकडं, मशिदीच्या मागच्या आळीत."

"तिदोरे!" बाश्तियांव ताठ झाला. "तिथं स्पॅनिश माणूस किती? खरं सांग."

"जेवायला बसले की शंभर. कामाला बोलावलं की दहा."

वीसच्या वीस वल्हेकरी खदखदून हसले. बाश्तियांवला विनोद अर्धाच कळला आणि तो जास्तच चिडला. "टोपली उघड!"

तिनं उघडली. आत स्वच्छ धुतलेलं कापड होतं, खोबरेल तेलाचं बुधलं होतं, नाळ कापायची बांबूची पाती होती, मूठभर लवंगा होत्या. बाश्तियांवनं पाती उचलून उन्हात धरली.

"हे शस्त्र."

"हो, शस्त्रच. तुझ्या गावातही असलं एखादं असणार, नाहीतर तू अजून आईला चिकटलेला असतास."

या वेळी हसणं अजून मोठं झालं. बाश्तियांवचा सोललेला चेहरा टोपाखाली लाल झाला. तो वाईट माणूस नव्हता. घरापासून वर्षभराच्या वाटेवर येऊन पडला होता, आणि वरून हुकूम होता की तिदोरेची एकही होडी सोडायची नाही. "हसू नका!" तो ओरडला. "तू सांग, बाई. कुठल्या बाजूची तू? आमच्या की त्यांच्या?"

"ज्या बाजूनं पोर येईल त्या बाजूची," जोहोरा म्हणाली. "आज पायाकडनं येतंय. माझ्याकडं वेळ नाही रे बाबा."

शेवटचं वाक्य बोलताना मात्र तिचा आवाज फाटला.

पुढच्या वल्ह्यावरचा एक दणकट गडी उठून उभा राहिला. हमजा त्याचं नाव. "मा जोहोरा ना तुम्ही? माझी आई तुमचं नाव काढते. मी पण पायाकडनंच आलो होतो."

"कुणाचा तू?"

"मरियमचा. होड्या रंगवायची ती."

"अगं बाई! तू तो? माझा खांदा आठ दिवस दुखत होता तुझ्यापायी. डोकं केवढं होतं तुझं!"

"अजून तेवढंच आहे," मागून कुणीतरी म्हणालं.

हमजानं वाकून गफूरच्या होडीचा दोर उचलला आणि आपल्या नावेच्या मागच्या खुंटाला बांधला. कुणाला काही विचारलं नाही. मग तो जागेवर बसला, त्यानं वल्हं पाण्यात घातलं, आणि बाकीची एकोणीस वल्ही त्याच्याबरोबर पाण्यात पडली. नाव गर्रकन वळली.

"थांबा! मी हुकूम दिला नाही!" बाश्तियांव ओरडला. वल्हेकरी लयीत ओढत होते. त्यानं पुढे बघितलं, मागे बघितलं. बंदूक एक होती आणि माणसं वीस. नाव तर नाहीतरी तेर्नातेकडेच निघाली होती. तो खाली बसला आणि थोड्या वेळानं म्हणाला, "जोरात मारा, मग. बाई घाईत आहे."

दारात विहीणबाई उभ्या होत्या. त्यांचं नाव सफूरा. हाडं दिसतील इतक्या काटक, आणि जीभही तशीच. "आलात? लेक नांदतेय की मेलीय ते दोन वर्षांत नाही बघितलंत."

"पोहत यायचं होतं का मी?"

"इतर बायका आल्या असत्या पोहत."

"आता भांडायचंय की पोर काढायचंय, विहीणबाई?"

"दोन्ही करू," सफूराबाई म्हणाल्या आणि बाजूला झाल्या. त्यांचे डोळे रडून सुजले होते.

रुगाया चटईवर पडली होती. केस कपाळाला चिकटलेले, ओठ चावून फाटलेले. आईला बघताच तिनं तिचा हात धरला आणि ती तो सोडेचना. बाहेर ओट्यावर जावई जलील डोकं गुडघ्यांत घालून बसला होता. गफूर त्याच्या शेजारी जाऊन बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी धीर देऊ लागला.

जोहोरानं हात धुतले, तेल घेतलं, आणि तिच्या लक्षात आलं की आपली बोटं थरथरतायत. बेचाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. तिनं हात पदराखाली घेतले. सफूराबाईंनी ते पाहिलं. टोमणा मारायला याच्यापेक्षा चांगली वेळ नव्हती. पण त्यांनी जोहोराचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि घट्ट दाबून धरले.

"तुमची लेक म्हणून बघू नका," त्या हळूच म्हणाल्या. "माझी सून म्हणून बघा. लोकांच्या सुना सोडवल्यात ना तुम्ही?"

जोहोरानं श्वास घेतला. थरथर थांबली.

पुढचं काम तिच्या हातांना येत होतं. एक पाय खाली होता, दुसरा वर दुमडलेला. तो शोधायला वेळ लागला. रुगाया किंचाळली तशी ती म्हणाली, "किंचाळ, बाई, मोठ्यानं किंचाळ. गढीतल्या फिरंग्यांना कळू दे." दुसरा पाय आला, कंबर आली. एक खांदा, मग दुसरा. राहिलं डोकं. तिच्या हातात गेलेली तिन्ही पोरं इथेच गेली होती. "विहीणबाई, वरनं दाबा. जोरात. लाजू नका." सफूराबाईंनी सगळं अंग टाकून दाबलं.

पोर निळं होतं आणि गप्प होतं. जोहोरानं ते उलटं धरलं, पाठ चोळली, तोंडातला चिकटा बोटानं काढला, फुंकर मारली. खोलीत कुणी हलेना. तिनं परत पाठ चोळली.

आणि मग पोर असं काही ओरडलं की ओट्यावरचा जलील उठून उभा राहताना तुळईवर आपटला.

"मुलगी!" सफूराबाई दारातून ओरडल्या. "मुलगी झाली! आवाज आजीवर गेलाय!"

"कुठल्या आजीवर?" आतून जोहोरानं विचारलं.

"तुमच्यावर, दुसऱ्या कुणावर!"

रुगाया रडता रडता हसू लागली. आळीतून बायका धावत आल्या. जलीलच्या वडिलांनी नातीच्या कानात बांग दिली. वल्हेकरी किनाऱ्यावर थांबलेच होते. त्यांच्यापर्यंत बातमी गेली तशी वीस वल्ही नावेच्या कडेवर एकदम वाजू लागली. गढीतले फिरंगी काय झालं म्हणून तटावर जमा झाले, तर बाश्तियांव टोप काढून त्यांना खालून ओरडून सांगत होता, जणू त्यानंच सगळं पार पाडलं होतं, "मुलगी! मुलगी!"

दुपार कलेपर्यंत जोहोरा लेकीपाशी बसली. रुगायानं पेज घेतली, पोरीला पाजलं.

"राहा ना आई. सात दिवस तरी. नाव ठेवेपर्यंत."

"तिकडं दोघी भरल्या दिवसांच्या आहेत गं. एकीचं पहिलंच."

"परत कधी येशील?"

जोहोरानं नातीच्या कानाची पाळी बोटानं सरळ केली. ते तिला माहीत नव्हतं. लोपेलाही माहीत नव्हतं, बाश्तियांवलाही नाही.

सफूराबाई पुढे झाल्या. "नाव तुम्हीच सांगून जा. आमच्यात बापाची आई ठेवते, पण सांगा तुम्ही."

"सालामा," जोहोरा म्हणाली. "माझ्या आईचं."

"बरंय नाव," सफूराबाई म्हणाल्या. "माणसं तितकी बरी नसली तरी." आणि वाटेत खायला म्हणून गरम साबूच्या भाकरी आणि भाजलेला मासा केळीच्या पानात बांधून त्यांनी विहिणीच्या हातात दिला.

परतीच्या वाटेवर कुणी अडवलं नाही. ऊन मऊ झालं होतं, पाणी शांत होतं. गफूर तोंडभर बोलत होता: जलीलला त्यानं कसं सावरलं, पोरीचं नाक त्याच्या भावावर कसं गेलंय. उत्तर येईना म्हणून त्यानं वळून बघितलं.

जोहोराला बसल्या बसल्या झोप लागली होती. मान एका खांद्यावर कलली होती. मांडीवर पानाचं गाठोडं होतं आणि त्यावर तिचे दोन्ही हात, तळवे वर केलेले. गाठोड्यातून अजून वाफ येत होती.

गफूरच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. त्यानं गाठोड्याकडे पाहिलं, तिच्या हातांकडे पाहिलं. मग तोंड पुढे केलं आणि पाणी उडणार नाही इतक्या बेतानं वल्हं मारू लागला.