उंबऱ्याबाहेर उभ्या रूथबाई

थंडीतल्या कलत्या उन्हात रूथबाईंच्या पांढऱ्या सुती पदराला खडूचा मंद गंध येई, आणि आवाज इतका मृदू की कविता म्हणतानाही त्या कुणाची तरी समजूत घालताहेत असं वाटावं. इंग्रजांच्या काळात महूच्या मिशनशाळेत त्या शिकल्या. तिथल्या मेमबाई घरोघर जाऊन, बोलावल्याशिवाय उंबरा न ओलांडता, बायकांना अक्षरं शिकवत. तीच रीत रूथबाईंनी आमच्या इंदूरच्या शाळेत शिकवतानाही सोडली नाही.

अण्णा कामाला होते त्या कापड मिलचा भोंगा कायमचा थांबला, त्या हिवाळ्यात माझ्या मनात धडकीच भरली होती. आई लोकांकडे पोळ्या लाटायला जाऊ लागली, अण्णा, माझे वडील, भिंतीकडे तोंड करून पडून राहत, आणि धाकट्या बहिणीला सांभाळायला मी घरी बसायचं ठरलं. ठरलं कसलं, मला कुणी विचारलंच नाही! संपली आपली शाळा, या विचारानं रोज सकाळी मी दप्तर उघडून पुन्हा बंद करायची.

आठवडाभर मी दिसले नाही, तेव्हा एका संध्याकाळी रूथबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. अण्णा 'या' म्हणेनात. काम गेल्यापासून त्यांना कुणाला तोंडच दाखवायचं नव्हतं. गल्लीत कुजबुज सुरू झाली, "धरम बदलवायला आली का ही?" मी तर भीतीनं थिजलेच. ऊन भिंतीवरून उतरलं, दिवे लागले, तरी बाई उभ्याच.

शेवटी अण्णाच उठले. "आत या, बाईजी. पण मिलच बंद झाली, अब क्या? पोरीला शिकवून काय करू?"

"भीती मलाही वाटते, भिया," इंदुरी लकबीत भाऊ म्हणून साद घालत बाई म्हणाल्या. "आमची शाळा तरी किती दिवस चालेल, कुणास ठाऊक! म्हणून तर घाई करते. धाकटीलाही पाठवा, माझ्या वर्गात बसेल."

अण्णांनी कोपऱ्यातल्या धाकटीकडे पाहिलं. मग म्हणाले, "ठीक है. उद्या पाठवतो."

जाताना बाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांच्या पदराचं टोक पिळून पिळून दोरीसारखं झालं होतं. इतका वेळ त्या घाबरतच उभ्या होत्या, हे मला तेव्हा कळलं.

मी शिकले, नोकरीला लागले. शाळा बंद पडली, पुढे बाईही गेल्या. काळ भीतीला हात लावत नाही. तिच्यासमोर आपल्या बाजूनं उभी राहणारी माणसं तेवढी नेतो, आणि स्मरणात त्यांची रिकामी जागा मात्र ऊबदार राहते.