चार भोकं, चार झेंडू

बाबांच्या फियाटचं इंजिन आमच्या काळाचौकीच्या खोलीत, फ्रिजच्या शेजारी असतं. पाहुणे आले की आधी त्याच्याकडे बघतात, मग आमच्याकडे!

गेल्या वर्षी बाबांनी ते गॅरेजमध्ये पूर्ण खोलून नव्याने बांधलं. बोअरिंग, पिस्टन, बेअरिंग, सगळं. गाडीची बॉडी कणकवलीला मामाच्या पडवीत उभी होती. तिकडे नेऊन बसवायचं, एवढंच बाकी होतं. आणि त्याच आठवड्यात बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लोंबायला लागला, गॅरेज बंद झालं. बाबांचे मित्र कोंडीरामकाका आणि मंडळाची पाच जणं इंजिन हातगाडीवरून घरी घेऊन आली.

"कोंड्या, दुसऱ्या कुणी हे बसवायचं नाय," बाबा म्हणाले. "हात आला की मीच बसवणार."

डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं तरी धरा. म्हणजे इंजिननेही दोन वर्षं थांबायचं.

"इंजिन चालून मरत नाय गो, उभं राहून मरतं," बाबा मला म्हणाले आणि पलंगावर बसून एकेक गोष्ट माझ्याकडून करून घेतली. जमिनीची ओल लागू नये म्हणून ते लाकडी घोडीवर. प्लगच्या चार भोकांतून आत थोडं थोडं ऑइल, आणि भोकांवर तेलात भिजवलेल्या चिंध्यांचे बोळे. बाकीची तोंडं टेपने बंद. वरून जुनी सुती चादर, कारण प्लास्टिकखाली लोखंडाला घाम फुटतो. आणि दर पंधरा दिवसांनी पुढच्या नटाला पाना लावून थोडं फिरवायचं, म्हणजे आतले पिस्टन एकाच जागी चिकटत नाहीत.

"हे आता तुझ्यावर."

"बिनधास्त!" मी म्हटलं.

मी तेव्हा नुसती हवेत होते. हजेरी देतानाही पुटपुटणारी मी, दादरला वक्तृत्व स्पर्धेत माइकवर सात मिनिटं बोलले आणि पहिली आले! तेव्हापासून आपल्याला सगळं येतं असं मला वाटायला लागलं होतं.

खंडेनवमीला बाबा सकाळीच काकांबरोबर फिजिओला गेले. म्हटलं, ते यायच्या आत इंजिनची झकास पूजा करून ठेवू. चादर काढली तर ते बँडेज बांधलेल्या पेशंटसारखं दिसत होतं. मी बोळे उपसायला घेतले.

"अगो, बाबांका इचारलंस?" आईने विचारलं.

"आई, मला माहितीये गं सगळं."

चार भोकांत मी चार झेंडू खोचले. काय दिसत होतं म्हणून सांगू! आईने हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, फुलाने पाणी शिंपडलं. नारळ मी फोडला आणि त्याचं पाणी आईने भक्तिभावाने वरून सोडलं. मी फोटो काढत होते तोच बाहेर काकांचा आवाज आला. घाईघाईत झेंडू ओढले, थोड्या पाकळ्या आतच तुटून राहिल्या. वर बोळे कोंबले आणि हार घातला.

बाबांनी डाव्या हाताने नमस्कार केला. डोळे भरले होते त्यांचे. मग त्यांनी विचारलं, "बोळे नाय ना काढलेस?"

"छे हो बाबा!" माइकवर बोलते तितक्याच खणखणीत आवाजात मी सांगितलं.

पुढच्या वेळी पाना जड लागला. दिवाळीनंतर तर इंजिन हलेचना. बाबा झोपलेले बघून मी पान्याला लोखंडी पाइप लावला, त्याला लोंबकळले, आणि करर्रकन ते सुटलं. वाटलं, झालं काम! त्यानंतर मी त्याला हातच लावला नाही. विचारलं की "फिरवलं" म्हणायचे.

डिसेंबरातल्या एका रविवारी बाबा म्हणाले, "आज मी फिरवतो. बोटं धरायला लागलीत." त्यांनी उजव्या हाताने पाना पकडला. मानेच्या शिरा ताठ झाल्या, कपाळावर घाम आला. इंजिन हललं नाही. आणखी दोनदा जोर केला, मग पाना अलगद खाली ठेवला.

"मेला हात," ते म्हणाले. "पोर फिरवते ते पण मला फिरत नाय."

मला तेव्हाच बोलता आलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून फिजिओ बंद. दाबायचा बॉल पलंगाखाली गेला, तो कुणी काढला नाही. काका येऊन ओरडले, "शिवा, नाटकं पुरे झाली, चल!" बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. नऊ दिवस मी शाळेत गेले, आले, जेवले. सात मिनिटं बोलणाऱ्या मला एक वाक्य बोलता येईना.

दहाव्या दिवशी त्यांनी मामाला फोन केला. "बॉडी भंगारात दे. माझ्याच्याने आता काय होत नाय."

"बाबा, हात मेलेला नाही," मी म्हटलं. "इंजिन जाम आहे. मी केलंय." आणि सगळं सांगितलं.

ते उठून बसले. "बॅटरी आण. बोळे काढ." भोकात उजेड टाकून त्यांनी डोळा लावला. मीही बघितलं. आत तांबूस गंज, कुजलेल्या पाकळ्या, काळा पडलेला एक तांदूळ.

"पाइप लावून फिरवलंस?"

"हो."

त्यांनी डोळे मिटले. "पूजेचं काय नाय. त्याच दिवशी सांगितलं असतंस तर खोलून पुसलं असतं. आता ओरखडे गेलेत आत. ते काढायला सिलिंडर घासून आणखी मोठे करायला लागतील, पण या ब्लॉकचं हे शेवटचं बोअरिंग होतं, याच्यापुढच्या मापाचा पिस्टन मिळत नाय."

"माझ्याच हातान पाणी पडला," म्हणत आई रडायला लागली.

"मामाला थांबवू का, बाबा?"

"कशाला?"

"पण तुमचा हात बरा होतोय."

"हो," ते म्हणाले. मयताच्या घरी बोलतात तसं.

सोमवारी मीच त्यांना फिजिओला घेऊन गेले. तिथल्या ताईंनी त्यांच्या हातात बॉल दिला, मला मोजायला सांगितलं आणि हसून विचारलं, "काका, हात आला की पहिलं काय करणार?"

बाबा बॉल दाबत राहिले. मी मोजत राहिले. ताई थोडा वेळ थांबल्या, मग दुसऱ्या पेशंटकडे गेल्या.