कापडात गुंडाळलेली टकटक

बालमित्रांनो, पोलादपूर सोडून महाडकडे निघालात की सावित्रीच्या काठाला एक लहानसे गाव लागते. त्या गावच्या अंगणवाडीत दाराआड कोपऱ्यात धान्याच्या गोणीखाली दबलेले एक लाकूड तुम्हांला दिसेल. ते निरुपयोगी सरपण नव्हे. तो मी, तीन चाकांपैकी दोनच उरलेला एक वृद्ध पांगुळगाडा.

माझा जन्म महादू सुताराच्या पडवीत झाला. शिवणीचे हलके लाकूड निवडून त्याने माझा देह घडवला. मुलाने धरून उभे राहावे म्हणून आडवी दांडी बसवली, आणि पुढच्या चाकाला खुंट्या ठोकून त्यांवर बांबूची एक पट्टी टेकवली. चाक फिरले की खुंटी पट्टीला उचली आणि सोडून देई. ‘टक’ असा आवाज होई. मूल पाऊल टाकते तो टकटक ऐकण्यासाठी, आणि टकटक होते ती त्याने पाऊल टाकले म्हणून. पहिल्या गुरुकुलाची याहून सुंदर रचना मी पाहिलेली नाही.

त्या गावाची एक रीत होती. मी कोणा एकाच्या मालकीचा नव्हतो. ज्या घरचे मूल भिंत धरून उभे राही, त्या घरी मी जाई. मूल सुटे चालू लागले की त्याची आई माझ्या दांडीला गुळाचा खडा बांधून मला पुढच्या घरी पोचवी. वरच्या वाडीतील शेतकऱ्यांच्या घरांतून मी खालच्या मोहल्ल्यात जाई आणि तेथून पुन्हा वर येई. गुळाला आणि पावलांना जात पुसण्याची प्रथा नव्हती.

दहा-बारा वर्षांपूर्वी मी सकिनाच्या घरी आलो. तिचा नवरा नासिर कुवेतला गाडी चालवत असे. घरात सासू, सासरे आणि सकिनाची लहानगी अरीबा. अरीबाने माझी दांडी धरली आणि पहिल्याच टकटकीला ती अशी हसली, की तिच्या दादीने दोन्ही हातांनी तिची दृष्ट काढली.

अरीबा चालू लागली, पण मला सोडीना. मला न्यायला कोणी आले की दांडीला मिठी मारून बसे. गाडा अडवून ठेवला म्हणून वाडीतल्या बायका कुरकुरल्या. पुढे रखमाबाईने, म्हणजे अंगणवाडीच्या सेविकेने, तोड काढली. अरीबा अंगणवाडीत येऊ लागली आणि तिच्यासोबत मीही सकाळी जाऊन दुपारी परतू लागलो. तेथे वाडीतली चिमुकलीही आळीपाळीने माझी दांडी धरू लागली.

अंगणवाडीत पोरे कलकलाट करीत. अरीबा मात्र मांडी घालून डोळे भरून पाहत राही. रखमाबाई भली बाई होती. ती इतरांना सांगे, “अरीबासारके बसा रे. तोंडाला कुलूप हाय तिच्या.” शेजारचा गोमाजी ओट्यावरून हसून म्हणे, “नासिरची पोर मामलेदार हाय. नुसती बगते नि मान हलवते.” सारे हसत. सारे हसले की अरीबाही हसे.

ती तीन वर्षांची झाली, तरी तिच्या मुखातून ‘अम्मी’ हा शब्द आला नाही. सकिनाच्या मनात शंकेचा काटा रुतला. दादीने मधात वेखंड उगाळून नातीच्या जिभेवर चोळायला सुरुवात केली. सारा उपचार जिभेवर चालला होता. कानाचा विचार कोणी केला नाही, आणि त्याचे कारण मीच होतो. एकदा सकिनाने भीतभीत विचारले, की हिला ऐकू तर येत असेल ना, मुंबईच्या इस्पितळात दाखवू या का? तेव्हा दादीने माझ्याकडे बोट दाखवले.

“अगो, गाडा वाजला की हसते ती. भयरी पोर हसंल काय? नासिर पाचव्या वर्साला बोलला. त्याच्या येळला कोन मुंबयला गेलता?”

 सकिनाने मुंबईच्या इस्पितळाचे नाव पुन्हा काढले नाही.

मित्रांनो, मला सत्य ठाऊक होते. अरीबा हसे ती आवाजाला नव्हे. पट्टी आपटली की माझ्या देहातून एक थरथर निघते आणि दांडीवाटे मुलाच्या तळहातात शिरते. ती त्या थरथरीला हसत होती. पण वाणी नसलेल्या लाकडाने हे कोणाला सांगावे?

मग एका दुपारी घरातल्या म्हाताऱ्याला ताप भरला. त्याचा नुकता डोळा लागला होता आणि अरीबा मला घेऊन पडवीत फेऱ्या घालीत होती. सकिनाने जुन्या ओढणीचा तुकडा फाडून माझ्या पट्टीभोवती घट्ट गुंडाळला. आवाज मेला. अरीबाने मला ढकलले. खुंटीने पट्टी उचलली, सोडली, आणि थरथर पूर्वीसारखीच तिच्या तळहाती पोचली. अरीबा हसली. तशीच, मान मागे टाकून.

सकिना उंबऱ्यावर थिजली. तिने जवळ येऊन माझे चाक स्वतःच्या हाताने फिरवले. कान लावला. काहीच वाजत नव्हते. मग ती अरीबाच्या पाठीमागे उभी राहिली आणि लेकीचे नाव घेतले. पुन्हा घेतले. तिसऱ्या हाकेला तिचा स्वर फाटला, पण ती इवली पाठ वळली नाही.

दादी स्वयंपाकघरातून बाहेर आली. सुनेच्या चेहऱ्याकडे, मग माझ्या पट्टीवरच्या चिंधीकडे तिने पाहिले. ती आत गेली, पितळी परात घेऊन आली आणि नातीच्या पाठीमागे ती फरशीवर टाकली. अंगणातल्या कोंबड्या फडफडत उडाल्या. तापाने फणफणलेला म्हातारा आतून ओरडला, “घर पडला काय गो?” अरीबा माझ्या चाकाची खुंटी कुरवाळीत बसली होती.

दादी भिंतीला टेकून खाली बसली.  मग ती उठली, सहाणेवरचे वेखंड उचलून तिने परसात भिरकावले आणि म्हणाली,

“सकिना, पिशवी भर. नासिरला मी सांगन.”

मुंबईहून परतल्यावर सकिनाने रखमाबाईला जे सांगितले, ते मी ऐकले. मुलीचे कान जन्मापासूनच अधू होते. यंत्र लावल्यावर तिला थोडेफार ऐकू येईल. पण ज्या कोवळ्या वयात कान भाषा आपसूक पिऊन घेतात, त्यातला मोठा काळ हातचा निघून गेला होता. यापुढे प्रत्येक शब्द कष्टाने मिळवावा लागणार होता. रखमाबाई खाली मान घालून ऐकत होती. त्यानंतर ‘अरीबासारके बसा’ असे ती कधी म्हणाली नाही.

कानाला यंत्र लागले त्या दिवशी सकिनाने माझी चिंधी सोडली. अरीबा धावत आली, दांडी धरून तिने मला ढकलले. टक! ती दचकली. माझ्याकडे तिने असे पाहिले, जणू तिचा जिवलग मित्र अकस्मात तिच्यावर खेकसला होता. ती रडत आईच्या पदराआड लपली. पुढे कितीतरी दिवस तिने मला शिवले नाही. माझ्या आयुष्यातले तेच सर्वांत कठीण दिवस.

सकिना मात्र हटली नाही. रोज ती लेकीचा हात दांडीवर ठेवी, त्यावर आपला हात ठेवी, मला किंचित पुढे सारी आणि म्हणे, “टक.” अरीबा आईच्या ओठांकडे पाही. ओठ तसेच करी, पण बाहेर येई तो केवळ श्वास. पावसाळा सरला तेव्हा त्या श्वासाला एक अर्धामुर्धा ‘त’ चिकटला. त्या दिवशी दादीने माझ्या दांडीला गुळाचा खडा बांधला. मग मी पुढच्या घरी गेलो.

अरीबा आता दूरच्या मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेत शिकते. सुटीत येते तेव्हा हातांनी पुष्कळ बोलते, मुखाने थोडे. दादीला त्या खुणा वयोमानामुळे शिकता आल्या नाहीत. ती नातीच्या पाठीवर हात ठेवून नुसती बसते. अरीबा अंगणवाडीत डोकावून माझ्या दांडीवर तळहात टेकवते. पुढचे चाक मोडले तेव्हापासून मी येथेच आहे, आणि आता थरथरही नाही. तरी ती हात ठेवते.

आज घरोघरी सेलवर गाणारे प्लॅस्टिकचे गाडे आले आहेत. त्यांचा मला मत्सर नाही. मित्रांनो, मला दुरुस्त करा, अशी माझी याचना नाही. मागणे आहे ते एवढेच. तुमच्या घरी लहान भावंड असेल, आणि ते फार शहाणे, फार शांत म्हणून सारे त्याची वाखाणणी करीत असतील, तर एकदा हलक्या पावलांनी त्याच्या पाठीमागे जा. त्याला दिसू नका, त्याला स्पर्श करू नका. केवळ त्याच्या नावाने हाक मारा.

ते वळून हसले, तर तुम्हीही हसा. आणि नाही वळले, तर त्याच पावली आईकडे धावा.