चोरीस गेलेली वस्तू : काही नाही

मित्रांनो, पोलीस ठाण्याच्या मागच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या खालून दुसऱ्या फळीवर फुगलेली, कोपरे झिजलेली जी फाईल दिसते, ती मी. माझी नाडी दोनदा तुटली आणि दोनदा बदलली. माझ्या पोटात दोनशे अकरा कागद आहेत. त्यांतले निम्मे कागद एकच गोष्ट सांगतात, की हे काम आमच्याकडे येत नाही.

जन्माला आले तेव्हा मी एकाच कागदाची होते. त्या सकाळी एक परिचारिका ठाण्यात आली. लहान मुलांच्या वॉर्डात तिने बावीस वर्षे काढली होती आणि सगळे तिला मोठ्या सिस्टर म्हणत. तिच्या हातात परिचारिकांची नोंदणी ठेवणाऱ्या कार्यालयाचे पत्र होते. दूरच्या एका गावातल्या दवाखान्यात तिने रुग्णाला चुकीचे औषध दिले, म्हणून तिची नोंदणी स्थगित केली आहे, असे त्यात लिहिले होते. त्या गावात तिने कधी पाऊलही ठेवले नव्हते.

झाले होते असे. वर्षभरापूर्वी नोकरीची जाहिरात पाहून तिने एका संकेतस्थळावर आपले प्रमाणपत्र, नोंदणी क्रमांक आणि सही पाठवली होती. जाहिरात खोटी निघाली. तिच्या कागदांवर स्वतःचा फोटो लावून कोणी दुसरीच बाई तिच्या नावाने नर्स होऊन बसली होती.

ठाण्यातल्या लेखनिकाने छापील अर्ज पुढे ओढला.

“काय चोरीला गेलं?”

“माझं नाव. माझा नोंदणी क्रमांक.”

“प्रमाणपत्र कुठे आहे?”

“घरी, कपाटात.”

“आणि क्रमांक?”

“तोंडपाठ आहे.”

“म्हणजे सगळं तुमच्याजवळच आहे. मग मी लिहू काय, सिस्टर?”

तो माणूस वाईट नव्हता. त्याने तिला पाणी दिले, पंखा तिच्याकडे वळवला. पण त्याच्या पुस्तकात चोरी म्हणजे वस्तू उचलून नेणे, आणि इथे वस्तू तर जागची हलली नव्हती. शेवटी ‘चोरीस गेलेली वस्तू’ या रकान्यात त्याने ‘काही नाही’ असे लिहिले आणि मला हरवले-सापडलेच्या गठ्ठ्यात ठेवले. एक छत्री आणि चष्म्याचे घर यांच्यामध्ये मी सात महिने पडून होते.

त्यानंतर माझी पायपीट सुरू झाली. फसवणुकीचा विभाग म्हणाला, फसला तो दवाखाना, तक्रार त्यांनी करायला हवी. दवाखाना म्हणाला, आमची बदनामी होईल. संगणकाचे गुन्हे पाहणारे साहेब म्हणाले, “कोणी तुमच्या संगणकात घुसलं का? नाही ना? कागद तुम्ही आपल्या हाताने पाठवलेत.” प्रत्येकाने मला एक चिठ्ठी टाचली आणि पुढे ढकलले. नोंदणी कार्यालयाने तर कमालच केली. ती दुसरी बाई तुम्ही नाही, असा दाखला आणा, असे त्यांनी लेखी मागितले. असा दाखला कोण देते, ते मात्र कळवले नाही.

चुकीचे औषध दिले गेले त्या दिवसाच्या आपल्या वॉर्डातल्या हजेरीच्या प्रती सिस्टरने आणून माझ्यात लावल्या. कोणी त्या उलटूनही पाहिल्या नाहीत.

एकदा तिचा धाकटा भाऊ सोबत आला होता. बाकावर तीन तास बसून तो वैतागला.

“ताई, नावच बदलून टाक ना. सुटशील एकदाची.”

“मी का बदलू? जिने घेतलंय तिला सांग बदलायला.”

“ती कुठे सापडतेय?”

“मग मी सापडते म्हणून मी बदलू का?”

मलाही तिच्यासारखाच संताप आला होता, पण कागदाला ओरडता येत नाही.

माझ्या एकोणनव्वदाव्या कागदावर तिने स्वतःच्या हाताने एक प्रसंग लिहिला आहे. शेजारच्या चिमुरडीच्या हातावर उकळते पाणी सांडले. आई पोरीला घेऊन तिच्या दारात धावत आली. बावीस वर्षे असे हात सांभाळलेली ही बाई दोन्ही हात मागे बांधून उभी राहिली. नोंदणी स्थगित असताना हात लावला तर आणखी एक पत्र येईल, याची तिला धास्ती होती. नळाखाली धर, फोड फोडू नकोस, असे ती लांबूनच सांगत राहिली. खाली तिने लिहिले आहे, ‘पोरगी बरी झाली. माझ्याशी बोलत नाही.’

चौथ्या वर्षी एक वकीलबाई मला शोधत आली. संगणकाच्या गुन्ह्यांसाठी नवा कायदा लिहिणारी समिती बसली होती आणि कोणत्याच कलमात न बसणारी प्रकरणे ती गोळा करत होती. लांबलचक टेबलावर मला उघडले गेले. पहिल्यांदाच माझे सगळे कागद कोणीतरी वाचले. मला फार बरे वाटले. पण तीन बैठका एकाच शब्दावर अडल्या. जी वस्तू मालकाकडेच राहते, तिला चोरी म्हणायचे कसे?

सिस्टरला बोलावले गेले. एका वयस्कर सदस्याने चष्मा काढून विचारले, “बाई, नेमकं काय गेलं तुमचं?”

ती म्हणाली, “साहेब, तिने चूक केली की उत्तर मला द्यावं लागतं. आणि मला माझं काम करायची परवानगी नाही. याला तुमच्याकडे शब्द नसेल तर नवा करा. मी नर्स आहे, ते माझं काम नाही.”

वकीलबाईने मान खाली घालून लिहून घेतले.

दीड वर्षाने कायदा आला. दुसऱ्याचे नाव, क्रमांक किंवा सही कपटाने वापरणे हा गुन्हा ठरला, ‘मूळ कागद मालकाजवळ असला तरीही’. हे शेवटचे शब्द माझ्यामुळे आले, असे वकीलबाई म्हणाली. सिस्टर त्याच दिवशी ठाण्यात आली. नव्या साहेबांनी कलम वाचले, माझी तारीख पाहिली आणि ओशाळून म्हणाले, “कलम आजपासून लागू आहे. तुमचं आधीचं आहे.”

ती तोतया नर्स कधीच पकडली गेली नाही. नोंदणी सहा वर्षांनी परत मिळाली. ‘स्थगिती मागे घेतली’, एवढीच ओळ. चूक तिची नव्हती, हे कुठेच लिहिले नाही. तोवर तिची निवृत्ती आठ महिन्यांवर आली होती. ते आठ महिने ती रोज वेळेआधी वॉर्डात हजर होती, असे ऐकले.

निवृत्तीनंतर ती माझ्यातल्या हजेरीच्या प्रती मागायला आली. नव्या कारकुनाने नियमाप्रमाणे तिचे ओळखपत्र मागितले आणि त्याची झेरॉक्स काढली. पहिली प्रत काळी आली, ती त्याने टोपलीत टाकली. सिस्टरने वाकून ती उचलली आणि बारीक फाडली. चांगल्या प्रतीवर तिने आडवे लिहिले, कशासाठी दिली, कोणाला दिली, तारीख.

“एवढं कोण करतं, बाई? मागे रांग आहे,” कारकून चिडून म्हणाला.

“होऊ दे उशीर,” ती म्हणाली आणि खाली सावकाश सही केली.

मित्रांनो, माझ्यासारखी फाईल कोणाच्याही नावाने जन्माला येऊ नये, एवढेच मागणे आहे. आपला कागद कोणाच्या हाती देताना हे सगळे नीट लिहा. मागची रांग चिडेल, तिला चिडू द्या.