चिमूटभर सोबत

मौनीने समोर आलेला तळहात हलकेच बाजूला सारला.

"आजपण नको?"

"नको."

कटरने खांदे उडवले, मळलेली तंबाखू झाडून स्वतःच्या ओठाआड ठेवली आणि दुसरीकडे बघायला लागला.

बाइंडिंगच्या कारखान्यात तो कागद कापायच्या मशीनवर होता, म्हणून कटर. शेजारच्या टेबलावर पुस्तकांच्या पाठींना खळ लावणारा मौनी. कामाला लागल्यावर पहिले तीन आठवडे त्याच्याशी कुणी बोललं नव्हतं आणि आपणहून बोलायचा त्याचा पिंड नव्हता; तिथून ते नाव चिकटलं. दुपारच्या सुटीत कटर आणि आणखी तिघे मागच्या भिंतीपाशी जमत. हा आत कागदाच्या गठ्ठ्यावर बसून डबा संपवी. एके दिवशी कटरने दारातून हाक मारली, "ए मौनी, एकटाच काय बसलास? ये की इकडे." आणि तळहात पुढे केला. बळजबरी कुणीच केली नव्हती. ठसका लागून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, सगळे हसले, कटरने पाठीवर थाप मारली. त्या संध्याकाळी तो शीळ घालत घरी गेला होता.

त्याला आता दोन वर्षं झाली होती. गेल्या महिन्यात गालाच्या आत नखाएवढा पांढरा चट्टा दिसला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजपासून बंद. अजून वेळ गेलेली नाही."

"कुणाच्या नादाने लागलं रे हे?" आईने विचारलं.

"कुणाच्या नाही."

भिंतीपाशी त्याने सगळं सांगितलं तेव्हा एक जण म्हणाला, "म्हणजे आता संन्यास!" बाकीचे हसले. कटर तेवढा हसला नाही.

त्यानंतर मौनी खिशात हात घालून त्यांच्यात उभा राही. तो आला की पुडी काढताना सगळे जरा अवघडत, मास्तर येऊन उभे राहिल्यासारखे. जा असं कुणी म्हणालं नाही. फक्त हाक मारायची बंद झाली. एकदा तो मागे गेला, तर भिंतीपाशी कुणीच नव्हतं. जिन्याखालून त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. तो परत आत येऊन गठ्ठ्यावर बसला. बाकीच्यांचं त्याला एवढं लागलं नाही. पण कटर आता मशीनवरसुद्धा नजर चुकवायचा, कामापुरतं बोलायचा.

असे पंधरा दिवस गेले. सोमवारी मौनीने नाक्यावरून एक पुडी घेतली. दुपारी ती मुठीत धरून तो जिन्याकडे निघाला, तोच मोरीच्या दारात कटर दिसला.

"आत ये जरा."

कटरने दाराला कडी घातली. नळ सोडून त्याने चूळ भरली.

"तुझं ते... दुखायचं का?"

"नाही. तिखट खाल्लं की आग व्हायची."

"हं."

कटरने मोबाइलचा उजेड लावला आणि मोबाइल त्याच्या हातात दिला.

"बघ. कुणाला बोलू नकोस."

त्याने आ केला. तोंड पुरतं उघडेना. मौनीने पुडी खिशात टाकली, वाकला, उजेड तिरका धरला. चट्टा दोन्ही गालांत होता. डावीकडचा पार दाढेमागे गेला होता आणि मधोमध लाल झाला होता.

"कधीपासून आहे?"

"तू सांगितलंस ना, त्याच्या आधीपासून." कटरने ओठ पुसले. "तुझ्याकडे बघितलं की तेच आठवायचं."

मौनीने उजेड बंद केला नाही.

"तुझ्यासारखंच आहे ना?" कटरने विचारलं.

"हो," मौनी म्हणाला. "तसंच आहे. उद्या सकाळी माझ्याबरोबर चल."

बाहेरून कुणीतरी कटरला हाक मारली.

"आलो," तो म्हणाला, आणि तिथेच उभा राहिला.