भाषण कापले, गाठ राहिली

नायक धीरोदात्त असावा आणि प्रतिनायक धीरोद्धत, असे शास्त्र सांगते. परंतु त्या दोघांपैकी एकाला खांबाशी बांधायचे झाल्यास दोराची गाठ कोणी मारावी, याविषयी शास्त्र मौन पाळते. ती उणीव मामांनी भरून काढली होती. चित्रपटांतून खलनायकी करण्यात त्यांचे अवघे आयुष्य गेले होते, आणि नायकाला बांधायचे काम त्यांनी कधी दुसऱ्याच्या हाती दिले नव्हते.

ती गाठ म्हणजे एक शिल्पच होते. तिला तीन वेढे असत आणि एक मोकळे टोक नायकाच्या मुठीत दिलेले असे. खलनायक आपल्या कारस्थानाचे साद्यंत निरूपण करीत असता नायकाने पाठीमागे एकेक वेढा सोडवायचा. 'सर्वनाश' या अंतिम शब्दाला तिसरा वेढा गळून पडे आणि नायक झेप घेई. भाषणाच्या मापाची गाठ आणि गाठीच्या मापाचे भाषण!

या वेळचा चित्रपट अतिमानवाचा होता आणि दिग्दर्शिका होती मामांची सख्खी भाची. गुडघे कुरकुरू लागल्यामुळे हा आपला शेवटचा चित्रपट, असे मामांनी जाहीर केले होते. भाचीने रूढ संकेत एकामागून एक मोडायला घेतले. अतिमानवाचा झगा गेला, कारण तो दारात अडकतो. त्याचे आईवडील पहिल्याच प्रसंगात मरत, तिने आईला जिवंत ठेवले, आणि ती माउली ऐन युद्धात फोन करून "जेवलास का?" म्हणून विचारू लागली. मामा प्रत्येक बदलाला मान डोलावत होते. मग भाची त्यांच्या पानांपाशी आली.

"मामा, तुझं भाषण काढलंय."

"काढून कुठे ठेवलंयस?"

"कापलंय रे! शत्रू हाती सापडलाय, सर्वनाशाची कळ समोर आहे, आणि तू त्याला दोन पानं व्याख्यान देत बसतोस? शहाणा माणूस कळ दाबून मोकळा होईल."

"अगं, शहाणा असता तर खलनायक झाला असता का?"

"लोक हसतात, मामा."

"माझ्या भाषणाला?"

भाचीने खिडकीबाहेर पाहिले. मामांना उत्तर मिळाले. "बरं," ते म्हणाले, "भाषण करणार नाही. शब्द दिला."

घरी मामी भाजी निवडत होत्या. रोजच्या तालमी ऐकून ते भाषण त्यांना तोंडपाठ झाले होते.

"भाषण नाही, मग तुमचं उरलं काय त्यात?"

"कळ दाबायची."

"आपला वॉचमन पंपाची दाबतो, तशी?"

मामा जेवायला बसले. निरोपाचा प्रसंग, आणि त्यात आपण मुके! पंपाच्या वॉचमनला कोण लक्षात ठेवतो, या विचाराने त्यांना घास गोड लागेना.

चित्रीकरणाच्या दिवशी मंडपात श्वासाचाही आवाज नव्हता. सुतारांनी खपून उभारलेली भिंत शेवटी कोसळायची होती आणि तशी दुसरी भिंत नव्हती. म्हणून सारा प्रसंग अखंड, एकाच दमात टिपायचा होता. मामांनी चंदेरी रंगाचा दोर घेतला आणि नायकाला बांधले. हातांना जे ठाऊक होते ते हातांनी केले.

कॅमेरा सुरू झाला. मामा कळीपाशी गेले, बोट ठेवले आणि नायकाकडे पाहिले. नायकाच्या कपाळावर घाम होता, तोही खरा. पहिला वेढासुद्धा सुटला नव्हता. मामांच्या लक्षात आले. आपण भाषणाची गाठ मारली!

त्यांनी बोट उचलले. कळीवरची धूळ फुंकली. रुमालाने कळ पुसली. नायक मागे हात पिळत होता. भाची खुर्चीतून अर्धवट उठली होती, पण 'कट' म्हणायला तिचे तोंड उघडेना. मामांच्या ओठांमागे भाषणाची दोन पाने सज्ज उभी होती. आता बोलले असते तर कोणी बोल लावला नसता. पण भाचीला दिलेला शब्द आड आला.

मामा संथपणे नायकाच्या मागे गेले, कुरकुरत्या गुडघ्यांनी वाकले आणि गळत्या नळाकडे गृहस्थाने पाहावे तसे त्या गाठीकडे पाहू लागले.

"ते टोक नव्हे रे. दुसरं."

"हे?" अतिमानवाने भेदरून विचारले.

"हं. ओढ. सावकाश. आईनं बुटाची नाडी बांधायला शिकवली नाही वाटतं?"

दोर गळून पडला. मामांनी नायकाच्या खांद्यावरची धूळ झटकली, आपल्या जागी परतले, कळीवर बोट ठेवले आणि म्हणाले, "हं, आता ये."

नायक झेपावला. भिंत कोसळली. आणि तोंडात बोळे कोंबून बसलेला सारा मंडप एकदम खदखदला.

"चुकलं माझं," मामा खाली मान घालून म्हणाले. "गाठ मोठी झाली. कापून टाक हे."

"कापू?" भाची डोळे पुसत होती. "मामा, आख्ख्या सिनेमात हेच तेवढं मला सुचलं नव्हतं!"

नायक मात्र मनगटे चोळत धुसफुसला, "म्हणजे अतिमानव मी, आणि सोडवलं यांनी?"

"बाळा," मामा म्हणाले, "बांधलं तरी कोणी होतं?"

पहिल्या खेळाला मामा-मामी शेजारी बसले होते. पडद्यावर मामांनी कळीवरची धूळ फुंकली आणि प्रेक्षागृहात हशा पिकला. त्या गदारोळात मामांना कानाशी पुटपुट ऐकू आली. मामी भाषण म्हणत होत्या. पहिल्या शब्दापासून, एकही विराम न चुकवता.

"अगं, लोक बघताहेत."

"बघू देत. त्याशिवाय गाठ सुटायची कशी?" म्हणून त्या पुढच्या वाक्याकडे वळल्या. मामांनी कान त्यांच्याकडे केला. 'सर्वनाश' हा शब्द मामींनी अगदी हलकेच उच्चारला, आणि पडद्यावर दोर गळून पडला.